चहावरचे तीन पेन्स: बॉस्टनचे प्रकरण, १७६५ ते १७७६

१ मे १७६९ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाची बैठक झाली. अमेरिकेतल्या वसाहतींवर दोन वर्षांपूर्वी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा अशा पाच वस्तूंची जकात बसवली होती. हाती फारसे काही येत नव्हते, आणि वसाहतींनी घातलेल्या बहिष्काराने इंग्लंडमधलेच व्यापारी रडकुंडीला आले होते. पहिल्या चार वस्तूंवरची जकात उठवायची, यावर वाद नव्हता. वाद चहाचा होता. पंतप्रधान ग्राफ्टन म्हणत होते, तीही जाऊ द्या. मते घेतली तेव्हा पाच विरुद्ध चार असा निकाल लागला आणि पंतप्रधानच हरले. चहावरची, वजनी पौंडामागे तीन पेन्सची जकात कायम राहिली. ती ठेवावी म्हणणाऱ्यांत अर्थमंत्री लॉर्ड नॉर्थ होते. पुढच्याच वर्षी ते पंतप्रधान झाले.

त्या एका मताने अमेरिका स्वतंत्र झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण या सगळ्या प्रकरणाचा नमुना त्या मतात दिसतो. लंडनने पैशाचा मुद्दा वेळोवेळी सोडून दिला आणि हक्काचा मुद्दा प्रत्येक वेळी धरून ठेवला. सुंभ जळाला, पीळ राहिला. तेरा वसाहतींपैकी एकच, मॅसॅच्युसेट्स, आणि तिची राजधानी बॉस्टन एवढाच पट इथे घेतला आहे, कारण ठिणगी पडली ती तिथे. शेजारच्या बंदरांत तोच चहा आला असताना ती का पडली नाही, हेही पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले. ब्रिटनला कॅनडा मिळाला आणि त्याबरोबर कर्जही मिळाले. युद्धाआधी सात कोटी पौंडांच्या आसपास असलेले सरकारी कर्ज १३ कोटींच्या घरात गेले होते. शिवाय अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक ठेवायचे ठरले होते. त्यांच्या खर्चाचा काही वाटा वसाहतींनी उचलावा, ही लंडनची अपेक्षा कागदावर तरी रास्तच होती. इंग्लंडमधला माणूस बॉस्टनमधल्या माणसापेक्षा कितीतरी पट जास्त कर भरत होता.

बॉस्टनमधून तेच चित्र निराळे दिसे. फ्रेंच गेले, मग आता हे सैनिक कोणासाठी? राजाने १७६३ च्या जाहीरनाम्याने ॲपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला मनाई केली होती, त्यामुळे ज्या जमिनीसाठी लढलो ती मिळणारच नाही असेही लोकांना वाटू लागले. आणि मुख्य म्हणजे कर बसवण्याचे काम शंभराहून जास्त वर्षे प्रांताची स्वतःची निवडून आलेली सभा करत आली होती. पार्लमेंटने व्यापारावर निर्बंध घालावेत, ही गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली होती. तिने थेट खिशात हात घालावा, ही नव्हती.

बॉस्टन हे साधारण १६,००० वस्तीचे बंदर. गोदी, मासेमारी, जहाजबांधणी आणि उसाच्या मळीपासून रम गाळण्याच्या भट्ट्या यांवर त्याचे पोट होते. १७६४ मध्ये परदेशी मळीवरची जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली गेली. जकात निम्मी झाली आणि तरी बंदर चिडले, कारण आधीची जकात कोणी भरतच नव्हते. नवी खरोखर वसूल होणार होती, आणि चोरटा माल सापडलाच तर खटला ज्यूरीपुढे न चालता नौदलाच्या न्यायालयात चालणार होता. गावातली ज्यूरी गावातल्या माणसाला सहसा दोषी ठरवत नसे, हे लंडनला ठाऊक होते. गावालाही ठाऊक होते.

पहिला निर्णय: कर मागे, हक्क कायम

मार्च १७६५ मध्ये मुद्रांकाचा कायदा झाला. कोर्टाचे कागद, दस्त, परवाने, वर्तमानपत्रे, पत्त्यांचे जोडसुद्धा मुद्रांकित कागदावर हवे. वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले या तिघांना एकाच वेळी दुखावणारा कर शोधून काढायला खरे तर डोके लागते. एकाला बोलता येते, दुसऱ्याला छापता येते आणि तिसऱ्याच्या ओट्यावर रोज संध्याकाळी गाव जमते.

१४ ऑगस्टला बॉस्टनमध्ये अँड्र्यू ऑलिव्हर या नेमलेल्या मुद्रांक विक्रेत्याचा पुतळा एका जुन्या झाडाला टांगला गेला. त्याने पद सोडायचे कबूल केले. २६ ऑगस्टला जमावाने उपगव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे घर भिंतींच्या फळ्यांपर्यंत उचकटून लुटले. हचिन्सन याच मातीतले, पाच पिढ्यांचे बॉस्टनकर. मुद्रांकाचा कायदा त्यांना स्वतःलाही चुकीचा वाटत होता. पण कायदा आहे तोवर पाळला पाहिजे, असे ते मानत, आणि जमावाला एवढे पुरेसे होते. या माणसाला लक्षात ठेवा, पुढे निर्णायक क्षणी तोच दारात उभा असणार आहे.

१ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा बहुतेक वसाहतींत मुद्रांक विकायला माणूसच उरला नव्हता. लंडनमध्ये तोवर सरकार बदलले होते. नव्या पंतप्रधानांपुढे, रॉकिंगहॅम यांच्यापुढे, तीन वाटा होत्या: सैन्य पाठवून कायदा राबवायचा, त्यात फेरफार करून तो सौम्य करायचा, किंवा सरळ रद्द करायचा. ब्रिटिश व्यापाऱ्यांचे अर्ज येऊन पडत होते, आणि फेब्रुवारी १७६६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी पार्लमेंटच्या कॉमन्स सभेपुढे साक्ष देऊन हा कर लोक कधीच भरणार नाहीत असे सांगितले होते. १८ मार्च १७६६ रोजी कायदा रद्द झाला.

त्याच दिवशी दुसरा एक छोटासा कायदाही मंजूर झाला. वसाहतींना सर्व बाबतींत बांधील ठरणारे कायदे करण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे, एवढेच तो सांगत होता. रॉकिंगहॅम यांना दोष देणे सोपे आहे. पण या शेपटीशिवाय कर रद्द करण्याचा ठराव पार्लमेंटमध्ये तरला नसता, आणि त्यांनी केला तो व्यवहार होता. बॉस्टनने घंटा वाजवल्या, फटाके उडवले आणि त्या शेपटीकडे बघितलेही नाही. दोन्हीकडच्यांना आपणच जिंकलो असे वाटले. पुढच्या दहा वर्षांचे भांडण त्या दिवशी फायलीत नीट ठेवून दिले गेले.

गव्हर्नरचा कासरा

१७६७ मध्ये अर्थमंत्री टाउनशेंड यांनी ती पाच वस्तूंची जकात आणली. तिची रक्कम किरकोळ होती. खरी गोम खर्चात होती. या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार द्यायचे होते.

गव्हर्नर राजा नेमत असे, पण त्याचा पगार प्रांतिक सभा दरवर्षी मंजूर करत असे. म्हणजे गव्हर्नरच्या गळ्यातला कासरा सभेच्या हातात. मनाविरुद्ध वागला तर पगार लांबवता येई. टाउनशेंड यांची जकात तो कासरा कापत होती. त्यामुळे वसाहतींचे भांडण तीन पेन्ससाठी होते असे म्हणून जे हसतात, त्यांनी त्या तीन पेन्सांतून पगार कोणाचा निघत होता ते विचारात घेतलेले नसते.

फेब्रुवारी १७६८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सभेने इतर वसाहतींना पत्र पाठवून निषेधाची हाक दिली. लंडनने पत्र मागे घेण्याचा हुकूम सोडला. सभेने ९२ विरुद्ध १७ मतांनी तो फेटाळला आणि सभा बरखास्त झाली. जूनमध्ये जॉन हँकॉक या बड्या व्यापाऱ्याचे ‘लिबर्टी’ हे गलबत जकातवाल्यांनी जप्त केले, त्यावरून दंगल झाली, आणि १ ऑक्टोबरला लाल डगल्यातले सैनिक बॉस्टनच्या धक्क्यावर उतरले.

गावात सैनिक ठेवणे ही नेमकी काय चीज आहे, हे पगाराच्या हिशेबावरून कळते. शिपायाचा पगार तुटपुंजा, म्हणून तो मोकळ्या वेळात कमी मजुरीत काम शोधी, आणि आधीच मंदीत असलेल्या गोदी कामगाराच्या पोटावर पाय येई. मार्च १७७० च्या सुरुवातीला दोर वळण्याच्या एका कारखान्यात अशीच मारामारी झाली. तिची धग ५ मार्चच्या रात्री जकात कचेरीसमोर पोचली. बर्फाचे गोळे, काठ्या, शिव्या, मग गोळीबार. पाच माणसे मेली. शहराने सैन्य गावाबाहेरच्या बेटावर हलवायला लावले. शिपायांचे वकीलपत्र जॉन ॲडम्स या तिथल्याच वकिलाने घेतले. कॅप्टन आणि सहा शिपाई सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग देण्याची शिक्षा झाली.

योगायोग असा, की त्याच ५ मार्चला लंडनमध्ये लॉर्ड नॉर्थ पार्लमेंटपुढे चार वस्तूंची जकात उठवण्याचा प्रस्ताव मांडत होते. चहा वगळून.

यानंतरची तीन वर्षे शांत गेली, आणि मला या प्रकरणातली सर्वांत मोठी हुकलेली संधी इथे दिसते. बहिष्कार कोसळला होता. व्यापारी पुन्हा माल मागवत होते. बॉस्टनमध्ये जकात भरलेला चहा उतरत होता आणि खपतही होता. या काळात कोणी गुपचूप तीन पेन्स काढून टाकले असते, तर माघार घेतली असे म्हणायलाही कोणी उरले नसते. पण शांतता आहे म्हणजे प्रश्न मिटला, असे लंडनने धरले. उलट १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांचे पगारही राजाच्या तिजोरीतून देण्याचे ठरले. बॉस्टनमधल्या विरोधकांचे पुढारी सॅम्युअल ॲडम्स अशाच कारणाची वाट बघत होते. नोव्हेंबर १७७२ मध्ये बॉस्टनच्या नगरसभेने २१ जणांची पत्रव्यवहार समिती नेमली. काही महिन्यांतच शंभराहून जास्त गावांनी तिला उत्तरे दिली. कागदावर ते फक्त टपालाचे काम होते.

कंपनीचा चहा

इथे गोष्ट आपल्याकडे वळते. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, आणि १७६७ पासून ब्रिटिश सरकारने तिच्याकडून वर्षाला चार लाख पौंड घ्यायला सुरुवात केली. १७७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. कंपनीचा लष्करी खर्च वाढतच होता, भागधारकांना लाभांश मात्र भरघोस हवा होता. १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या आणि कंपनी सरकारच्या दारात कर्ज मागायला आली. आडातच नव्हते, पोहऱ्यात कुठून येणार? तिच्या गोदामांत मात्र सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून होता. चहा चीनचा, कँटनहून आणलेला. भारतात तेव्हा चहाचे मळे नव्हते.

१७७३ मध्ये कंपनी वाचवण्यासाठी पार्लमेंटने जे कायदे केले, त्यांतले दोन आपल्या कामाचे. रेग्युलेटिंग ॲक्टने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला मुंबई आणि मद्रासवर देखरेखीचा अधिकार दिला. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी कलकत्त्याला न विचारता राघोबादादांशी सुरतेचा तह केला, तेव्हा कलकत्त्याने तो नाकारला आणि स्वतःचा वकील पुण्याला पाठवून पुढच्या वर्षी पुरंदरचा तह केला. नाना फडणीसांना इंग्रजांच्या या दोन तोंडांचा जो फायदा घेता आला, तो याच कायद्याच्या कृपेने. दुसरा कायदा चहाचा. एकाच दिवाळखोरीतून ही दोन पोरे निघाली. एक पुण्याच्या राजकारणात आले, दुसरे बॉस्टनच्या खाडीत बुडाले.

चहाच्या कायद्याने कंपनीला इंग्लंडमधली जकात परत मिळणार होती आणि स्वतःचे अडते नेमून वसाहतीत थेट माल पाठवता येणार होता. परिणामी तीन पेन्स भरूनही हा चहा चोरट्या डच चहापेक्षा स्वस्त पडणार होता. पार्लमेंटमध्ये विल्यम डाउड्सवेल यांनी नॉर्थना स्पष्ट बजावले, की तीन पेन्स काढले नाहीत तर ते लोक चहा घेणार नाहीत. नॉर्थनी मानले नाही. पगार त्याच पैशातून निघत होते. हचिन्सन आता गव्हर्नर होते आणि त्यांचा वर्षाचा १,५०० पौंडांचा पगार चहाच्या जकातीतून येत होता. बॉस्टनसाठी कंपनीने नेमलेल्या अडत्यांत त्यांची दोन मुले होती.

चोरटा व्यापार करणाऱ्यांचा नफा गेला. प्रामाणिक व्यापाऱ्यांना वगळून माल ठरावीक अडत्यांकडे जाणार म्हणून तेही बिथरले. आणि स्वस्त चहाच्या आमिषाने आपल्याकडून हक्क कबूल करून घेतला जातोय, हे राजकारण्यांनी लोकांना पटवले. एरवी एकमेकांचे तोंड न बघणारी ही तीन माणसे एका बाकावर आणून बसवणे, हे त्या कायद्याचे कर्तृत्व.

चार बंदरे, वीस दिवस

चहा चार बंदरांकडे निघाला: बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन. नियम असा, की जहाजाची नोंद झाल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकात खाते माल जप्त करणार.

फिलाडेल्फियात अडत्यांनी राजीनामे दिले आणि जहाज बंदरात नोंद होण्याआधीच नदीत अडवून परत पाठवले गेले. न्यूयॉर्कचे जहाज वादळात भरकटले, वसंतात उशिरा पोचले आणि परत गेले. चार्ल्सटनमध्ये वीस दिवस उलटले, जकात खात्याने चहा जप्त केला आणि व्यापारी कोठीच्या तळघरात कुलूप लावून ठेवला. विकला नाही, बुडवला नाही. तीन बंदरांत तीन पळवाटा निघाल्या.

बॉस्टनमध्ये तिन्ही बंद होत्या. अडते राजीनामा देईनात, ते बेटावरच्या किल्ल्यात जाऊन बसले. ‘डार्टमथ’ हे पहिले जहाज २८ नोव्हेंबरला आले आणि त्याची रीतसर नोंद झाली, त्यामुळे जकात न भरता परत जायला गव्हर्नरचा परवाना लागणार होता. मुदत १६ डिसेंबरच्या मध्यरात्री संपत होती.

हचिन्सन यांच्या जागी बसून बघितले तर त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. कायदा त्यांच्या बाजूने होता. खाडीच्या तोंडावर नौदलाची जहाजे होती, किल्ल्याच्या तोफा होत्या. अजून थोडे दिवस दम धरला की चहा आपोआप जकात खात्याच्या ताब्यात जाणार आणि भांडण जिंकल्यात जमा. आठ वर्षांपूर्वी घर लुटले गेलेल्या माणसाने जमावापुढे वाकायचे तरी कशाला? पण एवढ्याच कारणाने समोरच्यांना सोळा तारखेची मध्यरात्र ओलांडता येत नव्हती. हचिन्सन यांनी ज्याला आपली भक्कम बाजू समजले, तीच वेळेची कात्री झाली.

१६ डिसेंबरला ओल्ड साउथ सभागृहात पाच हजारांच्या आसपास माणसे जमली होती. जहाजाचा मालक फ्रान्सिस रॉच परवाना मागायला गावाबाहेर हचिन्सन यांच्या घरी गेला होता. अंधार पडल्यावर तो नकार घेऊन परतला. त्यानंतर मोहॉक या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचा वेष घेतलेली माणसे धक्क्यावर गेली आणि तीन तासांत तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून सुमारे ९२,००० पौंड वजनाचा चहा पाण्यात टाकला. किंमत ९,६५९ पौंड. बाकी कशाला हात लावला नाही. एक कुलूप तुटले, ते नंतर भरून दिले गेले.

लंडनपुढचे पर्याय

बातमी जानेवारी १७७४ मध्ये लंडनला पोचली. त्या क्षणी लंडनची बाजू गेल्या दहा वर्षांत नव्हती इतकी बळकट होती. खाजगी मालमत्ता नष्ट झाली होती, आणि ते वसाहतींतल्या अनेकांना आवडले नव्हते. जॉर्ज वॉशिंग्टन यांना आवडले नव्हते. फ्रँकलिन म्हणत होते, भरपाई द्या.

काय काय करता आले असते? भरपाई मागून थांबता आले असते. गुन्हेगारांवर खटले भरता आले असते, आणि सरकारने ते तपासूनही पाहिले. पण पुरावा पुरेसा नाही असे सरकारी वकिलांचे मत पडले: पाच हजारांच्या गावसभेनंतरही नाव घ्यायला साक्षीदार नव्हता. चहाची जकात काढून मूळच उपटता आले असते. १९ एप्रिल १७७४ रोजी एडमंड बर्क यांनी कॉमन्समध्ये याच प्रस्तावाच्या बाजूने दीर्घ भाषण केले. प्रस्ताव ४९ विरुद्ध १८२ मतांनी पडला.

निवडला गेला चौथा पर्याय: सगळ्या प्रांताला शिक्षा. १ जूनपासून बॉस्टन बंदर बंद, कंपनीची भरपाई होईपर्यंत. चोर सापडला नाही म्हणून संन्याशाला सूळ. दुसऱ्या कायद्याने प्रांताची सनदच बदलली: वरिष्ठ मंडळ निवडून येणार नाही, राजा नेमणार, ज्यूरीतली माणसे शेरीफ, म्हणजे गव्हर्नरने नेमलेला जिल्ह्याचा अधिकारी, निवडणार, गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. हचिन्सन यांच्या जागी जनरल टॉमस गेज गव्हर्नर म्हणून आले.

बंदर बंदीची चर्चा इतिहासात जास्त होते. घातक ठरला तो दुसरा कायदा. बंदर बंद होण्याचा फटका एका शहराला. गावसभा बंद होण्याचा फटका प्रत्येक खेड्याला, जिथे गाईगुरांच्या कोंडवाड्यापासून पाद्र्याच्या पगारापर्यंत सगळे त्या सभेत ठरत होते. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कधी चहाच्या पेटीकडे पाहिले नव्हते, त्याला सॅम्युअल ॲडम्स जे दहा वर्षे पटवू शकले नाहीत ते लंडनने एका कायद्यात पटवले.

गोळी न झाडता गेलेले राज्य

६ सप्टेंबर १७७४ ला वुस्टर गावी जिल्हा न्यायालय बसायचे होते. सकाळी आसपासच्या गावांतून चार हजार सहाशेहून जास्त माणसे आली, गावागावाच्या पथकांनी. रस्त्याच्या दुतर्फा रांगा लावल्या. न्यायाधीश, शेरीफ, वकील अशा पंचवीसेक मंडळींना हातात टोपी घेऊन त्या रांगांमधून चालायला लावले आणि दर थोड्या पावलांवर आपला राजीनामा मोठ्याने वाचायला लावला, म्हणजे शेवटच्या माणसालाही ऐकू जावा. त्या उन्हाळ्यात आणि शरदात मॅसॅच्युसेट्सभर न्यायालये अशीच बंद पडली. गेज यांच्याकडे तीनेक हजार सैनिक होते, पण त्यांचा हुकूम बॉस्टनच्या वेशीबाहेर चालत नव्हता.

ऑक्टोबरमध्ये प्रांतिक सभेच्या सभासदांनी आपणच प्रांतिक काँग्रेस भरवली. तिने गावांना सांगितले, कर राजाच्या खजिनदाराकडे भरू नका, आम्ही नेमलेल्या माणसाकडे भरा. कर कोणाला द्यायचा हा ज्या भांडणाचा आरंभ, त्याचे उत्तर इथे प्रत्यक्षात दिले गेले. टपालाचे काम करणाऱ्या समित्यांनी तोवर राज्य चालवायची घडी बसवली होती.

त्याच सुमारास फिलाडेल्फियात बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले होते. तिथेही एक वाट खुली होती. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी जोसेफ गॅलोवे यांनी सुचवले, की अमेरिकेची स्वतंत्र मोठी परिषद असावी आणि वसाहतींसंबंधीचा कायदा तिची व पार्लमेंटची, दोघांची मान्यता मिळाल्याशिवाय होऊ नये. वसाहतनिहाय मते झाली आणि सहा विरुद्ध पाच अशा फरकाने प्रस्ताव पुढे ढकलला गेला. नंतर तो कामकाजाच्या नोंदीतूनच काढून टाकला. लंडनमध्ये पाच-चार, फिलाडेल्फियात सहा-पाच. ब्रिटिश मालावर बहिष्काराचा करार मात्र झाला, आणि तो पाळला जातो का हे बघायला गावोगावी समित्या नेमल्या गेल्या. शेजाऱ्याच्या किटलीत काय उकळते आहे हे बघणारी समिती काही सौम्य नसते. ज्यांनी मान तुकवली नाही त्यांची नावे छापली गेली, काहींच्या अंगाला डांबर फासून पिसे चिकटवली गेली. स्वातंत्र्याच्या गोष्टीत हा भाग घाईने ओलांडला जातो.

परिणाम

गेज लंडनला कळवत होते, की हे चार गुंडांचे काम नाही. त्यांनी फार मोठे सैन्य मागितले, ते कायदे काही काळ थांबवावेत असेही सुचवले. राजा आणि मंत्र्यांना हा माणूस कचखाऊ वाटला. जानेवारी १७७५ मध्ये त्यांना कडक पाऊल उचलण्याचा आदेश पाठवला गेला. तो समुद्र ओलांडून १४ एप्रिलला बॉस्टनमध्ये पोचला. पाच दिवसांनी, १९ एप्रिलला पहाटे, कॉन्कॉर्डमधला दारूगोळा जप्त करायला निघालेले सुमारे ७०० सैनिक लेक्सिंग्टनच्या मैदानावर गावच्या पथकासमोर उभे राहिले. पहिली गोळी कोणी झाडली ते आजवर ठरलेले नाही. आठ गावकरी मेले. परतीच्या वाटेवर कुंपणाकुंपणाआडून गोळ्या आल्या आणि संध्याकाळपर्यंत राजाचे २७० हून जास्त सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले होते.

तरीही स्वातंत्र्याची मागणी नव्हती. जुलै १७७५ मध्ये वसाहतींनी राजाला समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो घेतला नाही आणि २३ ऑगस्टला बंडाचा जाहीरनामा काढला. डिसेंबरमध्ये वसाहतींचा सगळा व्यापार बंद करणारा कायदा आला, पाठोपाठ जर्मन भाडोत्री सैनिक ठरवले गेले. आतापर्यंत लोक राजाला आपला आणि पार्लमेंटला शत्रू मानत होते. तो आडोसाही गेला. २ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा ठराव झाला, ४ जुलैला जाहीरनामा. युद्ध १७८३ पर्यंत चालले.

हचिन्सन १७७४ मध्येच इंग्लंडला गेले होते. १७८० मध्ये ते तिथेच वारले, बॉस्टन पुन्हा न बघता. राजाशी निष्ठावान राहिलेल्या साठ हजारांच्या आसपास लोकांना देश सोडावा लागला. पंचवीस लाख वस्तीतले सुमारे पाच लाख गुलाम होते. त्यांच्यापैकी मॅसॅच्युसेट्समधल्या काहींनी १७७३ आणि १७७४ मध्ये प्रांतिक सभेकडे अर्ज केले होते, की तुम्ही जे लंडनकडे मागता तेच आम्ही तुमच्याकडे मागतो. सभेने दाद दिली नाही. आणि डोंगरापलीकडची जमीन १७८३ च्या तहात नव्या राष्ट्राला मिळाली, तिथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना न विचारता.

काय वेगळे करता आले असते

वसाहतींना पार्लमेंटमध्ये जागा द्यायला हव्या होत्या, हे उत्तर नेहमी ऐकू येते. मला ते पटत नाही. १७६५ मध्येच वसाहतींच्या प्रतिनिधींनी लिहून ठेवले होते, की एवढ्या अंतरावरून प्रतिनिधित्व शक्य नाही. त्यांना लंडनमध्ये खुर्ची नको होती, आपल्या सभेचा कासरा आपल्या हातात हवा होता.

शक्य होते ते लहान होते. १७७० ते १७७३ या शांत वर्षांत तीन पेन्स काढणे. डाउड्सवेल यांचे ऐकणे. हचिन्सन यांनी जहाजाला परवाना देऊन कायद्याचा एक नियम मोडणे, जसा बाकीच्या बंदरांत या ना त्या रीतीने वाकवला गेला. १७७४ मध्ये बंदरापुरती भरपाई मागून सनदेला हात न लावणे. यातले एखादे केल्याने अमेरिका कायम ब्रिटिश राहिली असती का, याची मला शंकाच आहे. इतक्या वेगाने वाढणारा देश कधीतरी वेगळा झालाच असता. पण कसा आणि किती रक्तानंतर, हे बदलू शकले असते. एक अडचण मात्र कोणाच्याच हातात नव्हती: पत्र जायला दोन-दोन महिने लागत. लंडन नेहमी दोन महिन्यांपूर्वीच्या बॉस्टनशी बोलत होते.

वसाहतींकडूनही एक चूक सांगता येईल. गॅलोवे यांचा प्रस्ताव निदान लंडनला पाठवून नकार घ्यायला हवा होता. नकारच आला असता बहुधा, पण तो कागदावर आला असता.

१७७८ मध्ये, फ्रान्सने वसाहतींशी तह केल्यावर, पार्लमेंटने वसाहतींवर महसुलासाठी कर बसवण्याचा आपला हक्क सोडणारा कायदा केला आणि समेटासाठी आयोग पाठवला. १७६६ मध्ये जे एका वाक्यात देता आले असते ते तेव्हा दिले, वरातीमागून घोडे. आयोग हात हलवत परतला.

आणि चार्ल्सटनच्या तळघरातला तो चहा? तो तसाच कुलपात होता. १७७६ मध्ये तिथल्या नव्या सरकारने तो लिलावात विकला आणि आलेला पैसा युद्धाकडे वळवला.